‘टेलस्टार’चा कर्ता : जो मीक

ग्रामोफोनची तबकडी वाजूं लागली, कीं ऐकणारा प्रथम विचारतो, ‘गाणें कोणाचें?’ उत्तरादाखल त्याला गायकाचें नांव मिळतें. अधिक चौकस श्रोता चाल कोणीं बांधली हें विचारतो, आणि त्याहूनही रसिक असा एखादा पद्य कोणाचें याची चौकशी करतो. येथें बहुतेकांची जिज्ञासा संपते. परंतु गायकाचा गळा आणि श्रोत्याचा कान यांच्या दरम्यान आणखी एक मनुष्य उभा असतो. मायक्रोफोन कोठें ठेवावा, वादकांना कोणत्या खोलींत बसवावें, कोणता आवाज पुढें आणावा आणि कोणता मागें सारावा, हें सारें तो ठरवितो. एके काळीं तबकडीवर त्याचें नांवही छापलें जात नसे. या पडद्याआडच्या कारागिराला कलावंताच्या पंक्तीस बसविण्यासाठीं इंग्लंडांत ज्या मनुष्यानें सर्वांत आधीं आणि सर्वांत हट्टानें झगडा केला, त्या जो मीक याची ही हकीकत आहे. तो अवघीं सदतीस वर्षें जगला. त्याची एक धून अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर अग्रस्थानीं गेली, आणि त्या धुनेच्या कर्तृत्वाचा मोबदला मात्र जिवंतपणीं त्याच्या हातीं पडला नाहीं.

लंडनच्या पश्चिमेस, वेल्सच्या सरहद्दीकडे, ग्लॉस्टरशायर परगण्यांत न्यूएंट नांवाचें लहानसें बाजाराचें गांव आहे. ५ एप्रिल १९२९ रोजीं तेथें रॉबर्ट जॉर्ज मीक याचा जन्म झाला. जगाला तो ठाऊक आहे तो मात्र ‘जो’ या घरगुती नांवानेंच. आईला मुलीची मोठी हौस होती; म्हणून पहिलीं चार वर्षें तिनें त्याला मुलीचाच पोशाख घातला, असें त्याचे चरित्रकार सांगतात. गांवचीं मुलें मैदानावर खेळत, तेव्हां हा परसांतल्या छपरींत बसून तारा, वेटोळीं आणि मागून आणलेले रेडिओचे सुटे भाग जुळवीत असे. नाटकें बसविण्याचाही त्याला नाद होता. एकीकडे यंत्रें आणि दुसरीकडे रंगभूमि, या दोन्ही आवडी त्या छपरींतच वाढल्या, आणि पुढें आयुष्यभर त्यांनीं त्याचा पिच्छा सोडला नाहीं.

सक्तीच्या लष्करी सेवेच्या काळांत तो शाही विमानदलांत रडारच्या यंत्रांवर कामाला होता. तेथून सुटल्यावर १९५३ सालीं मिडलंड्स इलेक्ट्रिसिटी बोर्डांत त्याला नोकरी लागली. पोटापाण्याची सोय झाली. परंतु मन आवाजाच्या मागें धांवत होतें. त्यानें तबकडी कोरण्याचें यंत्र मिळविलें आणि आपली पहिली तबकडी स्वतःच तयार केली. पुढें ज्याच्या चाली देशोदेशीं गाजल्या, त्या या मनुष्याला स्वरलिपि वाचतां येत नव्हती, कोणतेंही वाद्य नीट वाजवितां येत नव्हतें, आणि गळ्यावरही त्याची हुकमत नव्हती. त्याच्याजवळ होते ते दोन कान, आणि त्या कानांना जें हवें तें हातांनीं घडविण्याची जिद्द.

वीजमंडळाची नोकरी सोडून तो लंडनला आला आणि आय. बी. सी. या ध्वनिमुद्रणगृहांत यंत्रज्ञ म्हणून राहिला. रेडिओ लक्झेंबर्गवरून प्रसृत होणारे कार्यक्रम तेथें मुद्रित होत असत. त्या वेळीं इंग्लंडांतील तबकड्यांचा धंदा ई. एम. आय., डेका, फिलिप्स आणि पाय या चार मोठ्या कंपन्यांच्या मुठींत आलेला होता. ई. एम. आय.च्या ध्वनिमुद्रणगृहांत तर यंत्रज्ञ प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांप्रमाणें पांढरे डगले घालून काम करीत. मायक्रोफोन वाद्यापासून किती अंतरावर असावा, आवाज कोणत्या मर्यादेपर्यंत चढवावा, याचे नियम ठरलेले होते. सभागृहांत बसलेल्या श्रोत्याला जें ऐकूं येईल, तेंच जसेंच्या तसें तबकडींत उतरावें, हा त्या नियमांचा हेतु. मीकची दृष्टि नेमकी उलट होती. कंपन्यांना आवाजाचें छायाचित्र हवें होतें. त्याला आवाजाचें चित्र रंगवावयाचें होतें. सभागृहांत जें कधींच ऐकूं येणार नाहीं, तें तबकडींत ऐकूं आलें तर त्यांत दोष कसला, असा त्याचा सवाल होता.

या मतभेदाची पहिली ठिणगी १९५६ सालीं पडली. हम्फ्री लिटल्टन या नामांकित जाझवादकाच्या ‘बॅड पेनी ब्लूज’ या तबकडीचें मुद्रण मीककडे होतें. आवाजाचे चढउतार दाबून सारा नाद एकाच पातळीवर ठासून भरण्याची एक युक्ति यंत्रज्ञांना ठाऊक होती. सभ्य मुद्रणांत ती बेतानेंच वापरीत. मीकनें ती सढळ हातानें वापरली आणि पियानोचा सूर मुळांतल्यापेक्षां कितीतरी जड आणि घुमणारा केला. लिटल्टनला ही ढवळाढवळ पसंत पडली नाहीं. परंतु लोकांनीं तबकडी उचलून धरली आणि जाझची ती चीज खपाच्या यादींत जाऊन बसली. आपल्या कानांवर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं, हें मीकला तेव्हांपासून पटलें. त्याच सुमारास तो गाणींही रचूं लागला. ‘पुट अ रिंग ऑन माय फिंगर’ हें त्याचें गीत १९५८ सालीं अमेरिकेंतील लेस पॉल आणि मेरी फोर्ड या जोडीनें गाइलें. आवाजावर आवाज चढवून एकट्या वादकाचा ताफा कसा बनवावा, हें जगाला ज्यानें दाखविलें तो हाच लेस पॉल. न्यूएंटच्या छपरींतील विद्यार्थ्याचें गाणें त्या विद्येच्या आचार्यानें गावें, हा योग खरोखरच सुखाचा होता.

डेनिस प्रेस्टन या निर्मात्याच्या लॅन्सडाउन ध्वनिमुद्रणगृहाच्या उभारणींत मीकचा मोठा वांटा होता. पण १९५९ सालीं दोघांचें बिनसलें आणि मीक बाहेर पडला. जानेवारी १९६० मध्यें भागीदारींत त्यानें ‘ट्रायम्फ’ नांवाची आपली तबकड्यांची कंपनी काढली. मायकेल कॉक्स याचें ‘अँजेला जोन्स’ हें तिचें गाणें खपाच्या यादींत सातव्या क्रमांकापर्यंत चढलें. परंतु मागणी वाढली तेव्हां तबकड्या दाबून देणाऱ्या लहान कारखान्यांना पुरवठा करतां येईना. गिऱ्हाईक दुकानांत उभें आणि माल नाहीं, अशी अवस्था झाली. तबकडी चांगली होणें ही अर्धी गोष्ट. ती गांवोगांव पोहोंचविण्याचें बळ मोठ्या कंपन्यांपाशींच आहे, हा धडा मीक येथें शिकला.

ट्रायम्फच्या अल्प आयुष्यांत त्यानें एक विलक्षण उद्योग आरंभिला होता. ‘आय हिअर अ न्यू वर्ल्ड’ हें त्याचें नांव. चंद्रावरील जग कसें असेल, तेथील प्राणी कसे चालतबोलत असतील, याची ही नादमय कल्पना. त्यासाठीं लागणारे आवाज त्यानें घरांतूनच गोळा केले. पाण्यांत नळी घालून काढलेले बुडबुडे, अर्धवट भरलेल्या दुधाच्या बाटल्यांवर वाजविलेले चमचे, राखदाणीवर फिरविलेली फणी, दोन विजेच्या तारा भिडविल्यावर उठणारी चरचर, वाहत्या नळाची धार, असें सारें साहित्य. युरी गागारिन अंतराळांत जाण्याच्या एक वर्ष आधींची ही गोष्ट आहे. त्या वेळीं यांतील चारच चिजा बाहेर आल्या. संपूर्ण कृति प्रसिद्ध व्हावयास १९९१ साल उजाडावें लागलें.

त्यानंतर मीकनें जें केलें, त्यासाठीं इतिहासांत त्याला जागा मिळाली. उत्तर लंडनांत हॉलोवे रोड नांवाचा गजबजलेला हमरस्ता आहे. तेथें ३०४ क्रमांकाच्या इमारतींत खालीं चामड्याच्या पिशव्यांचें दुकान होतें. त्याच्या वरचे मजले मीकनें भाड्यानें घेतले. खेळण्यांची आयात करणारे मेजर बँक्स नांवाचे एक गृहस्थ भांडवल पुरवावयास पुढें आले आणि ‘आर. जी. एम. साउंड’ ही कंपनी उभी राहिली. त्या इंग्रजी आद्याक्षरांत मीकचें संपूर्ण नांव होतें. तेथेंच तो राही, तेथेंच जेवी, आणि तेथेंच तबकड्यांसाठीं ध्वनिमुद्रण करी. जमिनीवर तारांचें जाळें पसरलेलें, भिंतीशीं यंत्रांची चळत रचलेली, आणि खालून अवजड मोटारींचा खडखडाट अखंड चाललेला. बड्या कंपन्यांचीं ध्वनिमुद्रणगृहें ज्यांनीं पाहिलीं होतीं, त्यांना हा प्रकार पोरखेळ वाटला असल्यास नवल नाहीं.

परंतु त्या घराची प्रत्येक खोली मीकच्या लेखीं एक वाद्य होती. गायक दिवाणखान्यांत पडद्याआड उभा राही. तालवाद्यें त्याच खोलींत, व्हायोलिनवाले जिन्याच्या पायऱ्यांवर, पितळी वाद्यें खालच्या मजल्यावर, आणि साथीचे गायक शौचकूपाच्या दारांत, अशी मांडणी असे. न्हाणीघरांत प्रत्येकाचा गळा गोड लागतो, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे; मीकनें त्या अनुभवाचा धंदा केला. फरशीच्या भिंतींवरून उठणारा प्रतिध्वनि तो मुद्दाम पकडून गाण्यांत मिसळी. स्प्रिंगेच्या कंपनांतून प्रतिध्वनि काढणारी पेटी त्यानें स्वतःच बनविली. मायक्रोफोन तो वाद्याच्या अगदीं तोंडाशीं नेऊन ठेवी. एका यंत्रावर तालाची टेप तयार करावयाची, ती वाजत असतां गायकाचा आवाज तिच्यांत मिळवून दोन्ही दुसऱ्या यंत्रावर उतरावयाचे, मग त्यांत व्हायोलिन, मग कोरस, अशा थरांवर थर चढविण्याच्या पद्धतीनें गाणें उभें राही. शेजारच्या खोलींत एकटा मीक यंत्रांच्या खुंट्या अशा फिरवीत असे, कीं एखादा वादक सतारीच्या तारांशींच खेळत आहे.

या पद्धतीइतकाच महत्त्वाचा होता तो त्याचा व्यवहार. तोंवरची रीत अशी, कीं कंपनीनें कलावंताला बोलवावें, आपल्या पगारी मनुष्याकडून आपल्याच घरांत मुद्रण करवून घ्यावें, आणि मुद्रणाची मालकी आपल्यापाशीं ठेवावी. मीक गाणें, गायक आणि साथीदार स्वतः निवडी, मुद्रण स्वतः करी, आणि तयार टेप घेऊन कंपनीच्या दारीं जाई. ती टेप तो विकून टाकीत नसे; जमीन खंडानें द्यावी तशी देई आणि विक्रीवर आपला हिस्सा घेई. आज जगभर स्वतंत्र निर्माते अशाच कराराखालीं काम करतात. इंग्लंडांत मात्र त्या काळीं असें करणारे बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते, आणि मीकचें नांव त्यांत अग्रभागीं आहे. पगारी यंत्रज्ञ आपल्या कामाचा धनी झाला, तो या चामड्याच्या दुकानाच्या माडीवर.

१९६१ च्या उन्हाळ्यांत जॉन लेटन या नटानें गाइलेलें ‘जॉनी रिमेंबर मी’ हें गाणें तेथेंच तयार झालें. जेफ गॉडर्ड नांवाच्या तरुणानें तें रचलें होतें. मृत प्रेयसीची हांक वाऱ्यावरून ऐकूं येते, अशी त्यांतील कल्पना. लेटननें दूरचित्रवाणीवरील एका मालिकेंत तें गातांच गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि गाणें पहिल्या क्रमांकावर पोहोंचलें. न्हाणीघराच्या प्रतिध्वनींतून आलेला तो स्त्रीस्वर ऐकून लोकांच्या अंगावर कांटा उभा राही. पण तो कोठून आला हें त्यांना ठाऊक नव्हतें.

आतां ‘टेलस्टार’कडे वळावयाचें. १० जुलै १९६२ रोजीं अमेरिकेंतील केप कॅनाव्हेरल येथून टेलस्टार हा दळणवळणाचा उपग्रह सोडण्यांत आला. सुमारें ७७ किलो वजनाचा हा गोळा. अमेरिकेंतील अँडोव्हर, इंग्लंडांतील गूनहिली आणि फ्रान्समधील प्लमर-बोदू या केंद्रांच्या द्वारें त्यानें महासागर ओलांडून चित्रें पाठविलीं. दूरचित्रवाणीवर तीं अस्पष्ट चित्रें पाहून मीक भारून गेला आणि त्याच्या मनांत एक धून घोळूं लागली, असें सांगतात. धून सुचली तरी ती लिहावयाची कशी? त्याची रीत ठरलेली होती. दुसऱ्याच एखाद्या गाण्याची साथ यंत्रावर लावावयाची आणि तिच्यावर आपली नवी चाल तारस्वरांत गुणगुणावयाची. चाल एक आणि साथ भलतीच, अशा त्या गोंधळांतून मीकच्या मनांतलें गाणें वेगळें काढणें हें जाणत्या वादकांचें काम असे.

या वेळीं तें काम ‘टॉर्नेडोज’ या पांच वादकांच्या ताफ्याकडे आलें. बिली फ्यूरी या लोकप्रिय गायकाच्या साथीला ते वाजवीत, आणि समुद्रकांठच्या ग्रेट यार्मथ गांवीं त्यांचा हंगामी मुक्काम होता. तेथून ते धांवतपळत लंडनला आले, घाईघाईनें आपलें वाजविणें उरकलें आणि परत गेले. मग मीक आणि गॉडर्ड या दोघांनीं त्यावर कळस चढविला. आरंभीं अग्निबाण सुटल्याचा घोंघावता आवाज घातला, आणि मुख्य धून गॉडर्डनें क्लॅव्हिओलिन नांवाच्या वाद्यावर वाजविली.

हें वाद्य महाराष्ट्रांतील श्रोत्यांना अपरिचित नाहीं. फक्त त्याचें नांव पुष्कळांना ठाऊक नसतें. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच शोधकानें १९४७ सालीं तें तयार केलें. पियानोच्या पट्ट्यांची एक आटोपशीर पेटी, आणि तिच्यांतील विजेच्या नळ्यांतून निघणारा किंचित् नाकांतला, थरथरता, लांबणारा सूर. १९५४ सालच्या ‘नागिन’ या हिंदी बोलपटांत पुंगीचा जो सूर घरोघर गाजला, तो गारुड्याच्या पुंगीचा नव्हता. हेमंतकुमार यांच्या संगीतांत तो सूर कल्याणजी वीरजी शहा यांनीं क्लॅव्हिओलिनवरच वाजविला होता. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत ज्या वाद्यानें नाग डोलविला, त्याच जातीच्या वाद्यानें आठ वर्षांनीं हॉलोवे रोडवर उपग्रह आकाशांत चढविला.

ऑगस्ट १९६२ मध्यें डेका कंपनीनें तबकडी बाजारांत आणली. ऑक्टोबरच्या आरंभीं ती इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेली आणि पांच आठवडे तेथेंच राहिली. डिसेंबरांत ती अमेरिकेंतही पहिली आली. इंग्लंडांतील एखाद्या वाद्यवृंदाला अमेरिकेंत हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. बीटल्सना तेथें पहिला क्रमांक मिळाला तो १९६४ सालीं. जगभर ‘टेलस्टार’च्या सुमारें ५० लाख प्रती खपल्या असाव्या असा अंदाज आहे. त्या वर्षींच्या सर्वाधिक खपाच्या तबकडीसाठीं मानाचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मीकला मिळाला. चाल त्याची, मुद्रण त्याचें, मुद्रणाची मालकीही त्याच्या कंपनीची. लक्ष्मी आतां दारांत उभी आहे असें कोणालाही वाटलें असतें.

आणि येथेंच चक्र फिरलें. फेब्रुवारी १९६३ मध्यें खुद्द टेलस्टार उपग्रह कायमचा मुका झाला; उंच आकाशांत केलेल्या अणुस्फोटांच्या किरणोत्सर्गानें त्याचे नाजुक भाग निकामी केले होते. पुढच्याच महिन्यांत, मार्च १९६३ मध्यें, जाँ लेद्रू या फ्रेंच संगीतकारानें मीकवर वाङ्मयचौर्याचा दावा लावला. आबेल गाँस याच्या ‘ऑस्टर्लिट्झ’ या १९६० सालच्या नेपोलियनविषयक चित्रपटाला लेद्रूनें संगीत दिलें होतें. त्यांतील संचलनाच्या धुनेवरून ‘टेलस्टार’ उचलली, असा त्याचा आरोप. वस्तुतः तो चित्रपट इंग्लंडांत प्रदर्शित झाला १९६५ सालीं, म्हणजे तबकडी निघाल्यावर तीन वर्षांनीं. परंतु दाव्याचा निकाल लागेपर्यंत चालीच्या कर्त्याला मिळावयाचें मानधन गोठविण्यांत आलें. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. मीक आपण होऊन ती चढला नव्हता. त्याला ओढून नेलें होतें. जगांत ती धून रोज कोठें ना कोठें वाजत होती, आणि तिचा कर्ता घराचें भाडें भरण्याच्या विवंचनेंत पडत चालला होता.

काळाचें वारेंही बदलत होतें. ‘टेलस्टार’ इंग्लंडांत अग्रस्थानीं चढली, त्याच आठवड्यांत, ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं, लिव्हरपूलच्या चार तरुणांची ‘लव्ह मी डू’ ही पहिली तबकडी निघाली होती. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन हे संगीतशाळेंत शिकलेले, ई. एम. आय.च्या शिस्तींत वाढलेले गृहस्थ. आपलीं गाणीं आपणच रचणारे आणि आपणच वाजविणारे वृंद आतां पुढें आले. मीकला गायक हवा असे तो मातीच्या गोळ्यासारखा, स्वतःच्या कल्पनेप्रमाणें घडवितां येईल असा. स्वतःचें मत असलेल्या वृंदाशीं त्याचें जमणें कठीण होतें.

त्यांतच नोव्हेंबर १९६३ मध्यें त्याच्यावर दुसरा घाव पडला. मीकचें मन पुरुषांकडे ओढ घेणारें होतें. इंग्लंडच्या तत्कालीन कायद्याप्रमाणें असे संबंध गुन्हा ठरत. एका सार्वजनिक ठिकाणीं पोलिसांनीं त्याला पकडलें आणि न्यायालयानें १५ पौंड दंड केला. दंड किरकोळ होता. पण बातमी वर्तमानपत्रांत आली. पैसे उकळण्यासाठीं धमकावणाऱ्यांचा ससेमिरा त्याच्या मागें लागला. जो मनुष्य आवाजाच्या सूक्ष्म छटा टिपण्यासाठीं रात्ररात्र कान लावून बसे, त्याला आतां भिंतींनाही कान आहेत असें वाटूं लागलें. मोठ्या कंपन्यांनीं आपल्या घरांत चोरून मायक्रोफोन बसविले आहेत आणि आपल्या युक्त्या चोरल्या जात आहेत, हा संशय त्याच्या मनांत घर करून बसला. झोंप उडविण्याच्या आणि झोंप आणण्याच्या अशा दोन्ही गोळ्यांची त्याला सवय जडली. राग अनावर झाला म्हणजे हातांत येईल तें तो वादकांच्या अंगावर फेकी. परलोकगत आत्म्यांशीं संवाद साधण्याच्या बैठकी त्याच्या घरीं होत. २२ व्या वर्षीं विमान-अपघातांत दगावलेला अमेरिकन गायक बडी हॉली याच्यावर त्याची विलक्षण भक्ति होती.

तथापि हातांतली करामत अद्याप गेली नव्हती. १९६४ सालीं ‘हनीकोंब्ज’ या वृंदाचें ‘हॅव आय द राइट’ हें गाणें त्यानें केलें. त्यांत ताल अधिक दणकट हवा, म्हणून वादकांना लांकडी जिन्यावर पाय आपटावयास लावलें, आणि कठड्याला सायकलच्या चापांनीं मायक्रोफोन अडकविले. त्या जिन्याच्या दणक्यावर गाणें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकाला गेलें. परंतु याच गाण्यानें एक जुनें नातेंही तोडलें. चाल आपल्या एका गाण्यावरून घेतली आहे, असें जेफ गॉडर्डनें म्हटलें. ज्याच्या बोटांनीं ‘टेलस्टार’ची धून वाजविली, तो सोबती त्या घरांतून कायमचा निघून गेला. स्वतःवर चोरीचा आळ आल्यामुळें पोळलेल्या मीकच्या दारींच तसला वाद उभा राहावा, ही दैवाची क्रूर थट्टा म्हणावी लागते.

नंतरचीं दोन वर्षें उतरणीचीं होतीं. गाणीं निघत, पण खपत नसत. कर्ज वाढलें, भांडवलदार मेजरशींही बेबनाव झाला. ३ फेब्रुवारी १९६७ ची सकाळ उजाडली. बडी हॉलीला जाऊन त्या दिवशीं बरोबर आठ वर्षें झालीं होतीं. माडीवर आलेल्या घरमालकिणीशीं मीकची कांहीं बोलाचाली झाली, आणि घरांतील बंदुकीनें त्यानें प्रथम तिचा आणि मग स्वतःचा प्राण घेतला. मीकच्या बुद्धीचें कौतुक करतांना पुष्कळ लेखक ही दुसरी गोष्ट एका ओळींत उरकतात. तें न्यायाचें नाहीं. वर्षानुवर्षें डोक्यावरचा तो कल्लोळ सोसणारी ती बाई कोणत्याही दाव्यांत नव्हती, कोणत्याही कंपनींत नव्हती. मीकचें दुःख खरें होतें. परंतु त्या दुःखाची सर्वांत मोठी किंमत जिनें दिली, तिचा त्याच्याशीं काडीचाही संबंध नव्हता.

यानंतर तीन आठवड्यांनीं ‘टेलस्टार’च्या दाव्याचा निकाल लागला. तो मीकच्या बाजूनें होता. चार वर्षें अडून राहिलेला पैसा मोकळा झाला, तेव्हां तो घ्यावयास कोणी उरलें नव्हतें. त्याच वर्षीं २७ जुलै रोजीं नवा कायदा संमत झाला आणि एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खाजगींतील परस्परसंमत संबंध इंग्लंड आणि वेल्समध्यें गुन्हा राहिले नाहींत. पांच-सहा महिन्यांच्या आंत दोन्ही गांठी सुटल्या. त्या थोड्या आधीं सुटल्या असत्या तर काय झालें असतें, याचें उत्तर इतिहास देत नाहीं. पैशानें त्याचें मन ताळ्यावर आलें असतें असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. परंतु न्यायाला उशीर झाला म्हणजे तो कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं, एवढें या प्रकरणावरून कोणासही कळेल.

मीकच्या मागें राहिल्या त्या टेपा. चहाच्या सदुसष्ट लांकडी खोक्यांत भरलेल्या त्या शेंकडों टेपा एका तरुण वादकानें ३०० पौंडांना घेतल्या आणि अनेक वर्षें जपल्या. २०२० सालीं ‘चेरी रेड’ या कंपनीनें त्या मिळवून त्यांचें नव्या तंत्रानें जतन आरंभिलें. २००८ सालीं त्याच्या जीवनावर ‘टेलस्टार’ नांवाचा चित्रपट निघाला, आणि पुढच्या वर्षीं इंग्लंडांतील ध्वनिमुद्रिका-निर्मात्यांच्या संघानें नव्या प्रयोगांसाठीं द्यावयाच्या एका पुरस्काराला त्याचें नांव दिलें. हॉलोवे रोडवरील त्या इमारतीवर त्याच्या स्मरणाची पाटी लागली आहे. ज्या युक्त्यांना पांढऱ्या डगल्यांचे यंत्रज्ञ नाकें मुरडीत, त्या आतां या विद्येचीं पहिलीं पाठें झाल्या आहेत. राहत्या घराच्या खोलींत बसून गाणें मुद्रित करणें हें आज कोणत्याही शहरांतील तरुणाच्या आवांक्यांतलें काम आहे, आणि मुंबई-पुण्यांतही तसें करणारे पुष्कळ आहेत. न्हाणीघरांत मायक्रोफोन नेणाऱ्या पूर्वजाचें नांव त्यांतील कित्येकांना ठाऊक नसेल.

न्यूएंटच्या दफनभूमींत, ज्या गांवच्या छपरींतून तो निघाला त्याच गांवीं, मीकला मूठमाती मिळाली. टेलस्टार उपग्रह अजूनही पृथ्वीभोंवतीं फिरत आहे. साठांहून अधिक वर्षें झालीं, त्यानें शब्द उच्चारलेला नाहीं. त्याच्या नांवाची धून मात्र अजून वाजते, आणि वाजूं लागली कीं तिच्या आरंभींचा तो घोंघाट ऐकून लहान मूलही मान वर करून आकाशाकडे पाहतें.